सावनेर ठळक

नागपुरात जरीपटक्याच्या चौकात सिग्नल लाल झाला म्हणून सुशील भोयरनं स्कूटर थांबवली, सवयीनं मान वर केली आणि समोरच्या नव्या शोरूमची पाटी वाचायला गेला, तर ती वाचता येईना. पाटी लख्ख दिसत होती. पांढऱ्यावर गर्द तांबडी अक्षरं, पुरुषभर उंच, कडा धारदार, ऊन थेट त्यांच्या अंगावर. डोळ्यांचा काही दोष म्हणावा तर वरच्या मजल्यावरच्या गजाला अडकलेला पतंगाचा फाटका कागदसुद्धा त्याला दिसत होता. आणि अक्षरं तर त्याचीच होती. दांडीच्या तळाशी उजवीकडे वळलेली ती जाड टाच, पोटातून निघून केसाएवढी बारीक होत जाणारी रेघ, गाठीशी टपकायला आलेल्या थेंबासारखा गोळा. हे सगळं त्याच्या हातचं होतं, शंभर अक्षरांच्या गर्दीत त्यानं ते ओळखलं असतं, आताही ओळखत होता. फक्त ते काय म्हणतंय ते कळत नव्हतं. क्षणभर त्याला वाटलं, आपलीच अक्षरं घेऊन कोणी दुसऱ्याच कुठल्या भाषेत लिहिलंय. त्यानं पुन्हा डावीकडून सुरुवात केली. पहिलं अक्षर, दांडी, वाटोळं पोट, टाच. पुढचं. मागून हॉर्न वाजायला लागले तेव्हा सिग्नल हिरवा झालेला होता. पायाशी पाती बदलून आणलेलं मिक्सरचं भांडं होतं, ते गुडघ्यानं दाबून धरत त्यानं स्कूटर पुढे काढली, आणि उजवीकडून एक ऑटो असा अंगावर आला की जणू तो हवेतून उगवला होता. ऑटोवाला ओरडून गेला. घरापर्यंतच्या रस्त्यात एकही पाटी बोलली नाही. मेडिकलच्या दुकानाला हिरवा क्रॉस होता, बँकेला पहारेकरी होता, शाळेला मुलं होती. बाकी सगळीकडे फक्त रंगीत आकार लटकत होते.

सावनेर ठळक हे त्या टाइपाचं, सुशीलनं काढलेल्या छपाईच्या अक्षरसंचाचं, नाव. ठळक म्हणजे ठळकच. त्याला हलकं वजन, म्हणजे बारीक रेघेचं रूप, नव्हतंच. मुंबईत शिकत असताना इंग्रजीतले जुने जाड शीर्षकाचे टाइप सुशीलनं पाहिले होते, त्यांच्या उभ्या रेघांच्या पायाशी आडवे तुकडे असतात, त्यांना सेरिफ म्हणतात. तो टाच म्हणायचा. टाच असली की अक्षर जमिनीवर उभं राहतं, नाहीतर लोंबकळतं, असं त्याचं म्हणणं होतं. मराठी अक्षर तर मुळातच शिरोरेषेवरून कपड्यासारखं वाळत घातलेलं असतं. त्याला खाली उतरवावं, पाय द्यावेत, एवढाच त्याचा हट्ट होता. पण त्या हट्टाच्याही मागे सावनेरची, त्याच्या गावाची, बस होती. त्याची आई रुखमाबाई वाचायला शिकलेली नव्हती. नागपूरला बहिणीकडे यायची, परत जाताना गाड्यांच्या रांगेसमोर उभी राहायची आणि कोणाला न विचारता नेमकी आपली गाडी पकडायची. लहानग्या सुशीलनं एकदा विचारलं, तुले कसं कळते वं माय? ती म्हणाली, "एक लंगडं, दोन खांब, मंग एक पोटुशी. ते आपली गाडी." लंगडं म्हणजे पाय पुढे टाकून उभं राहिलेलं स-चं अंग, खांब म्हणजे त्याची दांडी अन् शेजारचा काना, पोटुशी म्हणजे व. तो तेव्हा दुसरी-तिसरीत असेल, आणि व कडे त्यानं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. तोवर त्यानं तो फक्त वाचला होता. पुढे तिशीत, धरमपेठेतल्या भाड्याच्या खोलीत बसून त्यानं आपला टाइप काढायला घेतला तेव्हा सगळ्यांत आधी व काढला, आणि त्याच्या पोटात जितकं काळं भरता येईल तितकं भरलं, आतलं पांढरं एवढंसं ठेवलं, बाळाएवढं. तो व जमला आणि मग बाकीचा टाइप त्या व-च्या मागे मागे आला.

तो टाइप चालला. फार चालला. नागपुरातल्या एका वर्तमानपत्रानं मथळ्यांसाठी घेतला, आणि मग जिथे-तिथे तोच दिसायला लागला. लग्नपत्रिकेवर नवरानवरीची नावं, साड्यांची दुकानं, कोचिंग क्लासचे फलक, निवडणुकीत उमेदवाराच्या हनुवटीखाली, चौकातल्या वाढदिवसांच्या फ्लेक्सवर, आणि तसल्याच फ्लेक्सवर काळी किनार लावून भावपूर्ण श्रद्धांजली. आनंद असो, मयत असो, सावनेर ठळक एकाच आवाजात बोलायचा. त्याला हळू बोलता येत नव्हतं. तो दुरून वाचायचा टाइप होता, रस्त्याच्या पलीकडून; जवळ घेतला, लहान केला की त्याची पोटं काळ्यानं बुजायची, बारीक रेघा उडून जायच्या, अन् उरायचे नुसते डाग. सुशीलला हे ठाऊक होतं, पण ते त्याला पहिल्यांदा लागलं ते आई गेली तेव्हा. चुलतभावानं तेरवीचं कार्ड छापून आणलं. त्यानं बिचाऱ्यानं प्रेमानं, दादाचा टाइप म्हणून, सगळा मजकूर सावनेर ठळकमध्ये लावला होता, वेळ-ठिकाणापासून नातवंडांच्या नावांपर्यंत, मुंगीएवढ्या आकारात. कार्ड काळंठिक्कर दिसत होतं. आईचं नावसुद्धा नीट लागत नव्हतं. सुशील त्याच्यावर भर मांडवात ओरडला. नंतर त्याला वाटत राहिलं, आपण ओरडलो तेही ठळकच ओरडलो. आईच्या मांडवात हळू काही बोलताच आलं नाही. त्यानंतर त्यानं दुसरं काम हाती घेतलं: सावनेरचा लहान आवाज. पुस्तकात, बातमीच्या मजकुरात, औषधाच्या बाटलीवर लावता येईल असा, हलका, पोटं उघडी ठेवलेला, टाच असलेला पण ती न आपटणारा. सावनेर पाठ. वर्षानुवर्षं तो हे करत होता, खोडत होता, परत करत होता. त्याच वर्तमानपत्राला आता तो हवा होता, येत्या दिवाळीपासून.

घरी त्यानं मिक्सरचं भांडं ओट्यावर ठेवलं. हर्षा म्हणाली, "उशीर काहून झाला?" तो म्हणाला, ट्रॅफिक. पलंगावर पडून त्यानं फोन उघडला. फोनमध्येही तेच. छोट्या छोट्या आळ्या. चष्मा काढून पाहिला, लावून पाहिला. पडून राहिल्यावर उतरेल असं त्याला वाटलं; पित्त उतरतं तसं. सकाळी पेपर आला. हर्षा महापालिकेच्या शाळेत पहिलीला शिकवून गेल्या वर्षी निवृत्त झाली होती आणि तिला सकाळच्या चहाशी नवऱ्याच्या तोंडून बातम्या ऐकायची सवय होती. सुशीलनं पेपर नेहमीसारखा उभा धरला, नेहमीएवढा वेळ पाहिला, पान उलटलं. मथळा त्याच्याच टाइपात होता. त्याच्याच व-नं पोट पुढे काढून त्याच्याकडे पाहिलं आणि ओळख दिली नाही. "काय म्हणते पेपर?" तिनं विचारलं. त्यानं आदल्या संध्याकाळी टीव्हीवर ऐकलेलं सांगितलं. "हे तं काल झालं," ती म्हणाली. "पेपरात कालचंच असते नं," तो म्हणाला, आणि ती हसली, आणि एक दिवस निघाला. असे आणखी काही दिवस निघाले. चष्मा सापडत नाही, डोकं दुखून राहिलं, तूच वाच. खोटं बोलताना त्याला एक विचित्र हलकेपणा येत असे. दाराच्या चौकटीला त्याचा उजवा खांदा लागायचा. ताटातली उजवीकडची भाजी तशीच राहायची आणि हर्षा म्हणायची, भाजी खारट हाय का? लोक आपल्याशी नीट बोलत होते, आपणही बोलत होतो, हातपाय चालत होते. कोणाला काही दिसत नव्हतं. फक्त जग एका जागी मुकं झालं होतं आणि ती जागा नेमकी त्यानं आयुष्यभर उभी केलेली जागा होती.

फुटलं ते भैरवीमुळे. भैरवी त्यांची एकुलती मुलगी, पुण्याला एका कंपनीत होती. तिचं नाव सुशीलनं ठेवलं होतं. हर्षाला वाटायचं संगीताच्या आवडीनं, पण खरं कारण भ होतं. शिरोरेषा तोडून वर निघालेला तो वळसा त्याला अक्षरांतला सगळ्यांत सुंदर भाग वाटायचा, आणि तो आपल्या मुलीच्या नावाच्या अगदी तोंडाशी असावा असं त्याच्या मनात आलं होतं. भैरवी बापाला फोन कमी करायची, मेसेज जास्त. ते यायचे, सुशील पाहायचा, तिचा गोल फोटो ओळखायचा, आणि खाली अंगठ्याचं चित्र दाबून पाठवायचा. अंगठा सगळ्यालाच चालतो. एका दुपारी हर्षाचा फोन वाजला, ती बाल्कनीत गेली, बराच वेळ ऐकत राहिली, मग आत येऊन त्याच्यासमोर उभी राहिली.

"भैरवी रडून राहिली," ती म्हणाली. "तिची नोकरी गेली. तिनं आधी तुमाले सांगितलं. तुमी अंगठा पाठवला."

सुशीलनं शेजारचा फोन उचलला आणि उपडा ठेवला.

"बाबांनी अंगठा पाठवला, म्हणे. दुसऱ्यांदा लिवलं तं पुन्हा अंगठा." तिनं स्वतःचा फोन त्याच्यासमोर धरला. "हे वाचा बरं."

त्यानं पाहिलं. पाहत राहिला. हर्षा चाळीस वर्षं पहिलीच्या मुलांसमोर उभी राहिलेली बाई होती; पुस्तकाकडे पाहणारा आणि वाचणारा यांतला फरक तिला कोणी सांगायला नको होता. फोन तिनं हळूच खाली घेतला.

"कवापासून?" ती म्हणाली.

"जरीपटक्यापासून," तो म्हणाला.

रामदासपेठेतल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि नीट बोलायच्या. स्कॅनमध्ये मेंदूच्या मागच्या बाजूला, डावीकडे, एक छोटा डाग होता. त्या दिवशीच झालेला झटका असावा, दुखलं नाही म्हणून कळला नाही. उजवीकडचं थोडं दिसत नाहीये ते त्यामुळेच. मग त्यांनी एक कोरा कागद दिला आणि म्हणाल्या, काहीही एक वाक्य लिहा. सुशील घाबरला, पण हातानं पेन घेतलं आणि लिहायला लागला, आणि त्याच्या आत काहीतरी उसळून आलं, कारण ते आलं, सहज आलं, माझ्या मुलीचं नाव भैरवी आहे, हात कुठेही अडला नाही. त्यानं हर्षाकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. डॉक्टरीणबाईंनी कागद घेतला, आणि झोप कशी आहे, गाव कुठलं, सावनेरला संत्री होतात का, असं काहीबाही विचारत बसल्या. मग तोच कागद परत त्याच्यापुढे सरकवला. वाचा. सुशीलला अक्षर ओळखू आलं. उजवीकडे किंचित झुकलेलं, शेवटच्या दांडीला ओढ असलेलं, त्याचंच. कोणीतरी आपल्या अक्षरात चिठ्ठी लिहून ठेवली होती. तिच्यात काय होतं ते त्याला सांगता आलं नाही. "लिहिणं शाबूत आहे, वाचणं नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "असं होतं कधी कधी. दोन्हींच्या वाटा वेगळ्या असतात." परत येईल का, हे हर्षानं विचारलं. त्या म्हणाल्या, थोडं येतं काहींचं. फार अपेक्षा ठेवू नका, पण सराव करा. लिफ्टमधून उतरताना हर्षानं त्याचा उजवा हात धरला होता आणि सुशील विचार करत होता की दोन वाटा आहेत, आणि एक बंद झालीय. आपण इथून पुढे आयुष्यभर पत्रं टाकत राहू आणि आपल्याला एकही येणार नाही.

भैरवी येऊन गेली. चार दिवस बापाजवळ बसली, अंगठ्याचा विषय दोघांनीही काढला नाही. तिनं त्याच्या फोनात आवाज लावून दिला. मेसेजवर बोट दाबलं की एक बाई ते वाचून दाखवायची. पेपरही वाचायची. त्यामुळे अडत काहीच नव्हतं, आणि सगळे त्याला तेच सांगत होते. पण त्या बाईच्या आवाजात जाड-बारीक नव्हतं. तेरा ठार आणि पाणीपुरवठा बंद ती सारख्याच वजनानं म्हणायची. सुशील ऐकायचा आणि त्याला वाटायचं, आपला टाइप निदान ओरडत तरी होता.

मग एक चांगला काळ आला. सुशीलला नंतर तो आठवणंही नको वाटायचं, पण तो आला होता, आणि आयुष्यात इतकं सुखानं काम त्यानं कधी केलं नव्हतं. झालं असं की एका सकाळी त्यानं संगणक उघडला आणि सावनेर पाठची अक्षरं पडद्यावर लावली, नुसतीच पाहायला. आणि त्याला ती दिसली. पूर्वी कधी दिसली नव्हती इतकी दिसली. पूर्वी अक्षराकडे पाहिलं की त्याचा उच्चार आधी डोक्यात वाजायचा, आणि त्या आवाजात आकार हरवायचा. अक्षरं काढायला शिकवायचा तेव्हा तो सगळ्या विद्यार्थ्यांना सांगायचा, अक्षर उलटं करून पाहा, म्हणजे वाचलं जाणार नाही. आता उलटं करायची गरजच नव्हती. आता सगळं शांत होतं, आणि त्या शांततेत प्रत्येक वळणातली सूज, प्रत्येक पोटातलं पांढरं, टाचेचा प्रत्येक जादा कण त्याला स्पष्ट दिसत होता. इतकी वर्षं जे जमत नव्हतं ते जमत होतं. त्यानं दांड्या सारख्या केल्या. पोटं उघडली. शिरोरेषेत कुठे कुठे फटी राहून गेल्या होत्या, त्या बुजवल्या. वरच्या डाव्या कोपऱ्यात काही ठिकाणी रेषेच्या बाहेर उगाच टोकं वळवळत होती, ती कापून ओळ स्वच्छ केली. बाहेर संत्र्यांचे ढीग लागायला लागले होते, ऊन कोवळं होतं, आणि हर्षा दारातून डोकावून त्याची पाठ पाहून परत जायची, आणि स्वयंपाकघरातून तिच्या गुणगुणण्याचा आवाज यायचा. सुशीलच्या मनात असंही येऊन गेलं की हे त्याच्यासाठीच झालं असेल. काहीतरी काढून घेऊन काहीतरी दिलं असेल. त्यानं प्रशिकला फोन लावला. "ये गा," तो म्हणाला. "झालं. पाहून घे."

प्रशिक मेश्राम एके काळी त्याचा विद्यार्थी होता, आता चाळिशीला टेकलेला, डोक्यावरचे केस विरळ झालेले. सुशीलनं काढायचं आणि प्रशिकनं त्याचा चालणारा फॉन्ट करायचा, अशी त्यांची जोडी होती. तो आला, हर्षाच्या हातचे पोहे खाल्ले, आणि पडद्यासमोर बसला. सुशील त्याच्या उजव्या हाताला बसला, कारण प्रशिक आपल्या उजवीकडे असला की त्याचा चेहरा अर्धाच दिसायचा. प्रशिकनं काही शब्द टंकले. मग आणखी काही. मग तो बोलायचा थांबला. त्याचं थांबणं सुशीलनं कौतुक म्हणून घेतलं.

"कसं उतरलं?" सुशील म्हणाला.

"आकार एकदम भारी झाले, सर," प्रशिक म्हणाला. "वजन तं एकदम... इतकं सारखं वजन मी पाह्यलं नाही."

"मग?"

"सर, हे तुमी मुद्दाम केलं का?"

"काय?"

प्रशिकनं हर्षाकडे पाहिलं. हर्षा चहा घेऊन दारात उभी होती आणि पडद्याकडे पाहत होती. तिथे प्रशिकनं टंकलेले शब्द उभे होते. ती आत आली, ट्रे ठेवला, आणि वर्गातल्या आवाजात, कुठलंही वजन न देता, तिनं वाचलं. "घरमपेठ. मंडारा." मग ती थांबली. तिसरा शब्द तिला वाचवेना.

"वाच," सुशील म्हणाला.

"मैरवी," हर्षा म्हणाली.

सुशीलला कळायला वेळ लागला, आणि मग सगळं एकदम कळलं. त्या फटी राहून गेलेल्या नव्हत्या. त्या फटीत ध होता. ते वळवळणारं टोक भ होतं. त्याला त्यानं आपल्या हातानं, ओळ स्वच्छ दिसावी म्हणून, नख कापावं तसं कापलं होतं. इतके दिवस तो अक्षरं सुधारत बसला नव्हता. कुठल्याशा सुंदर दगडांना घासत बसला होता. "जुनी फाइल हाय माझ्याकडे," प्रशिक घाईनं सांगत होता, "एवढ्या दोन-चार जागा परत करू, सर, बाकी तं..." पण बाकीचं काय, हे त्याच्याही तोंडातून पुढे आलं नाही, कारण चूक दोन-चार जागांची नव्हती. उद्या सुशील आणखी काही सुधारेल आणि त्याला कधीच कळणार नाही की त्यानं काय मारलं. आकार दिसतो, पण आकार कोणाचा हे जो जाणत नाही त्यानं हात लावू नये, एवढं साधं होतं ते. सुशीलनं माउस प्रशिकच्या हाताकडे सरकवला. "घेऊन जा सगळं," तो म्हणाला. प्रशिक म्हणाला, "सर, सोबत बसून करू." सुशील म्हणाला, "नको." चहा तसाच राहिला. प्रशिक गेल्यावर त्यानं संगणकावर उशीचा अभ्रा टाकला, घरात कोणी गेलं की आरशावर टाकतात तसा.

वर्तमानपत्रानं दिवाळीपर्यंत वाट पाहिली नाही. त्यांनी मजकुरासाठी दुसरीकडून एक टाइप घेतला; प्रशिकनं फोनवर सांगितलं, बरा आहे, म्हणाला, वाचायला सोपा आहे. मथळे सावनेर ठळकचेच राहिले. सुशील बाहेर जाईनासा झाला. गेलंच तर हर्षासोबत ऑटोत, खाली मान घालून. वर पाहिलं की ती अक्षरं असायचीच, प्रत्येक चौकात, खांबांवर, पुलांवर, भिंतीभर, जाड, काळी-तांबडी, पाय रोवून उभी. आणि सगळी एकदम ओरडत असल्यासारखी तोंडं उघडून, एकही आवाज न काढता. त्याला घेरी यायची. आईला असंच दिसत असेल का, असं त्याच्या मनात यायचं. पण आईला यांतलं एक तरी ओळखीचं होतं, आणि ते तिला घरी घेऊन जायचं.

सराव मात्र हर्षानं सोडला नाही. तिनं पहिल्यांदा मुळाक्षरांचा तक्ता आणला आणि तो पाहून सुशीलनं तोंड फिरवलं. मग एका दुपारी तिनं जुन्या कॅलेंडरचा मागचा भाग घेतला, त्यावर जाड स्केचपेननं एकेरी रेघेचं मोठं अक्षर काढलं, आणि न बोलता त्याचं बोट धरून त्यावरून फिरवलं. पहिलीच्या मुलांना गिरवायला लावतात तसं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा सुशीलचं बोट स्वतःच वळलं, आणि दंडातून, खांद्यातून, डोळ्यांच्या वाटेनं नव्हे तर कुठून तरी खालून, अंधारातून, एक आवाज वर आला. "क," तो म्हणाला. हर्षानं पुढचं अक्षर काढलं. "म." मग ळ आला. लिहिण्याची वाट शाबूत होती, आणि तिनं त्याला त्या वाटेनं मागच्या दारातून आत आणलं होतं. कमळ म्हणायला त्याला एखादा माणूस गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन यावा इतका वेळ लागला. पण तो शब्द कोणी सांगितलेला नव्हता, वाचलेला होता. मग रोज दुपारी ते बसायचे. शब्दांची वाक्यं झाली. एके दिवशी तिनं कागद त्याच्यापुढे ठेवला, आणि त्यानं बोट फिरवत फिरवत, घामेजून, लावलं: चहा गार झाला. त्यानं वर पाहिलं. चहा खरंच गार झाला होता. तो हसला, मोठ्यानं, आणि तीही हसली, आणि खालच्या मजल्यावरच्या सिंधूताईंनी नंतर विचारलं, काय झालं होतं वं तुमच्याकडे?

त्या हसण्याच्या भरातच तो म्हणाला, "पेपर आण."

हर्षानं सकाळचा पेपर आणला आणि टेबलावर पसरला. मथळा पानभर होता. काहीतरी मोठं घडलं असावं. सकाळी फोनमधल्या बाईनं ते सांगितलंही असेल, पण त्याचं लक्ष नव्हतं. अक्षरं चांगली बोटभर उंच होती. सुशीलनं खुर्ची पुढे ओढली, तर्जनी शर्टाला पुसली आणि पहिल्या अक्षरावर ठेवली. बोट निघालं. पोटाच्या कडेनं वर गेलं, वळलं, बारीक होत शिरोरेषेला लागलं, पलीकडून दांडीच्या कडेनं खाली उतरलं, टाचेला वळसा घातला, आतल्या कडेनं परत वर आलं, आणि जिथून निघालं होतं तिथे येऊन थांबलं. दंडातून काहीच आलं नाही. त्यानं पुन्हा सुरुवात केली. बोट पुन्हा अक्षराभोवती फिरून जागेवर आलं.

"कडेनं नका जाऊ," हर्षा म्हणाली. "मधातून जा. जिथून पेन गेला असन तिथून."

त्यानं मधून जाऊन पाहिलं. पण मध्ये नुसता काळा मैदानासारखा भाग होता, बोट कुठेही गेलं तरी चालेल असा; पुढे तो एकदम निमुळता होऊन केसाएवढा झाला आणि बोट कागदावरून घसरलं.

"पेन गेलाच नाही वं," सुशील म्हणाला.

"म्हणजे?"

"हे लिवलेलं नाही. काढलेलं हाय. मी या कडेची रेघ काढली, अन् त्या कडेची काढली. अन् मधात काळं भरलं." त्यानं बोट उचललं. "हात याच्यावरून कधी गेलाच नाही. आठवन कसं?"

हर्षानं स्केचपेनचं टोपण काढलं. मग म्हणाली, "मी हेच शब्द साध्या रेघेत काढून देतो नं. मंग लागन."

"तुझे लागतीन," तो म्हणाला.

तिनं टोपण परत लावलं. बाहेर भंगारवाल्याची हाक गेली. "वाचू का मी?" तिनं विचारलं.

"नको," सुशील म्हणाला, आणि मथळ्यावर पंजा पसरला. पंजा मोठा होता, पण ती ओळ त्याच्याखाली मावत नव्हती. डावीकडे दोन-तीन अक्षरं उघडी राहिली, उजवीकडे किती उरली ते त्याला दिसतच नव्हतं. त्यानं हर्षाकडे पाहिलं. ती त्याच्याकडे पाहायचा प्रयत्न करत होती, पण तिची नजर क्षणभर खाली गेली, त्याच्या बोटांच्या बाजूनं डावीकडून उजवीकडे सरकली, आणि तिचा चेहरा किंचित बदलला. तिनं मुद्दाम केलं नव्हतं. डोळे उघडे असले की माणूस वाचतोच, थांबवू म्हटलं तरी थांबवता येत नाही. सुशीलनं हात तसाच राहू दिला.